अनुक्रमणिकेत नसलेलं पान

टर्मिनलवर ती तांबडी ओळ उमटली तेव्हा रात्रीचे साडेअकरा होऊन गेले होते. पुस्तक ‘बिल्ड’ होत होतं, म्हणजे साध्या मजकुराच्या ढीगभर फायलींमधून वाचता येणारी आणि चालवता येणारी पानं घडत होती. एरवी या ओळी इतक्या भरभर वर सरकतात की आपण त्यांच्याकडे बघतो आणि काहीच बघत नाही. पण तांबडा रंग डोळ्यांना अडवतोच. स्फिंक्स, म्हणजे ही पानं घडवणारा प्रोग्राम, म्हणत होता, हे पान कुठल्याच अनुक्रमणिकेत नाही. मला ते माहीत होतं. मीच ते घातलं नव्हतं. पण हे विसरण्यातून झालंय की ठरवून, हे त्या बिचाऱ्याला कसं कळावं? त्याच्या लेखी पान म्हटलं की ते कुठल्या तरी प्रकरणाच्या पोटात असायलाच हवं. यावर एक उपाय आहे आणि तो अगदी सोपा आहे. फाइलच्या डोक्यावर दोन अपूर्णविरामांच्या मध्ये एकच शब्द लिहायचा: ऑर्फन. अनाथ. या पानाला कुणी नाही हे आम्हाला ठाऊक आहे, तू ओरडू नकोस, एवढंच यंत्राला सांगायचं. मी तो शब्द लिहिला, फाइल साठवली, पुन्हा बिल्ड चालवलं. सगळं गुमान पार पडलं.

खरं तर मी तिथंच लॅपटॉप मिटून झोपायला हवं होतं.

तशी तीन पानं होती. एक पूर्वचाचणी, एक सरावाचं पान आणि एक उत्तरचाचणी. ती करायला सांगणाऱ्या संशोधक बाई फार नेटक्या होत्या. त्यांची पत्रं सुद्धा क्रमांक घातलेली असायची. त्यांचा प्रश्न साधा होता. ‘लूप’, म्हणजे तीच कृती परत परत करवून घेणारा कोड, शिकणाऱ्या नवख्या विद्यार्थ्याला कोऱ्या चौकटीत स्वतः कोड लिहायला लावावं, की बरोबर कोडच्या ओळी विस्कटून देऊन नीट लावायला सांगाव्यात? या दुसऱ्या प्रकाराला पार्सन्स प्रॉब्लेम म्हणतात. २००६ साली डेल पार्सन्स आणि पॅट्रिशिया हेडन यांनी तो मांडला. त्यात अधूनमधून एखादी चकवा देणारी ओळही टाकलेली असते, दिसायला अगदी खरी, पण जागा कुठंच नसलेली. आमचं पुस्तक रनस्टोनच्या, म्हणजे पानावरच कोड चालवता येणाऱ्या पुस्तकांच्या प्रकल्पाच्या, कुळातलं. ब्रॅड मिलर यांनी २०११ च्या सुमाराला हे प्रकरण सुरू केलं, आणि तेव्हापासून पाठ्यपुस्तक म्हणजे नुसतं वाचायची गोष्ट राहिली नाही. पानावरच कोड लिहायचा, ‘रन’ दाबायचं, चुकलं की पुस्तकच सांगतं कुठं चुकलं ते. शिवाय कुणी कुठली ओळ कधी उचलली, कुठं ठेवली, परत केव्हा काढली, याची नोंद सर्व्हरवर होत राहते. संशोधकांना अशा पुस्तकाचं आकर्षण वाटतं ते यामुळे. कागदी पुस्तकात विद्यार्थी कुठल्या ओळीवर अडखळला हे कुणाला कळणार? फार तर त्या पानाचा कोपरा मळलेला दिसेल.

पानं लपवायची होती त्यामागचं कारण मला पटलेलं होतं. पूर्वचाचणी जर प्रकरणात उघडी ठेवली तर जो तो जाता-येता ती सोडवणार, उत्तरं एकमेकांना सांगणार, आणि मग तीन आठवड्यांनी कोण नक्की काय शिकलं हे सांगता येणार नाही. त्यातही गंमत अशी की चाचणी घेणं हीच शिकवण्याची एक तऱ्हा असते. प्रश्न एकदा विचारला की तो मनात घर करतो, पुढं वाचताना डोळे त्याचं उत्तर शोधत राहतात. रिचर्ड सॉलोमन यांनी १९४९ साली या भानगडीसाठी चार गटांची रचना सुचवली होती. दोन गटांना आधी चाचणी द्यायची, दोघांना नाही, म्हणजे नुसत्या चाचणीनं काय केलं ते वेगळं काढता येतं. बाईंकडे चार गट करण्याइतके विद्यार्थी नव्हते. म्हणून निदान जे होते त्यांच्यापुरती चाचणी जपायची. ज्या वर्गांनी भाग घेतला होता त्यांना सगळं सांगितलेलं होतं, त्यांची संमती आधी वेगळी घेतलेली होती, नैतिक समितीची मंजुरी होती. म्हणजे फसवणूक कुणाचीच नव्हती. विद्यार्थ्यांना ठाऊक, शिक्षकांना ठाऊक. ठाऊक नव्हतं ते फक्त अनुक्रमणिकेला.

तरीही ती रात्रभर मला ‘ऑर्फन’ हा एक शब्द टोचत राहिला. त्याचं कारण बहुधा मी या पुस्तकात शिरले कशी, त्यात आहे. मला कोड शिकवलं ते याच पुस्तकानं, आणि तेही माझ्या नोकरीच्या धबडग्यात, उशिरा. चौथ्या प्रकरणात एका उदाहरणात ‘पेक्षा लहान’ची खूण ‘पेक्षा लहान किंवा समान’ अशी पडली होती, त्यामुळे लूप एक फेरी जास्त फिरायचा. मला दोन दिवस वाटत राहिलं की चूक माझ्या डोक्यात आहे. तिसऱ्या दिवशी कुणीतरी सांगितलं की या पुस्तकाचा सगळा कच्चा मजकूर उघडा असतो, तू स्वतःच दुरुस्त कर की. मी भीतभीत एक चिन्ह बदलून पाठवलं. दुसऱ्या दिवशी ते पुस्तकात होतं. एका चिन्हाची पुल रिक्वेस्ट, म्हणजे ‘माझा बदल घ्या’ अशी विनंती. ज्या पुस्तकानं मला शिकवलं त्यात माझं एक अक्षर, नव्हे एका अक्षराचं नसणं, जगभरच्या वाचणाऱ्यांसाठी पोहोचलं होतं. त्या दिवशी मी त्या जागी परत परत जाऊन बघत होते. मग मी त्या रेपॉझिटरीचा, म्हणजे पुस्तकाच्या फायली आणि त्यांतले सगळे बदल जिथं साठवतात त्या जागेचा, इतिहास वाचत बसले. कुणी कुठलं वाक्य का बदललं, कुणाचं कुणाशी उदाहरणावरून वाजलं, कुणी माघार घेतली, सगळं तिथं. लोकांची भांडणंसुद्धा तारीखवार लावून ठेवलेली. इतकं उघडं घर मी आधी पाहिलं नव्हतं. आणि आता त्याच घरात मी तीन खोल्या बांधत होते ज्यांना दार होतं पण ओसरीवरून दिसत नव्हतं.

शाळेतल्या गणिताच्या पुस्तकाची मला आठवण झाली. उत्तरसूची शेवटच्या पानांवर असायची. आमच्या बाईंनी वर्षाच्या सुरुवातीलाच सगळ्यांची पुस्तकं गोळा करून ती पानं तिन्ही बाजूंनी स्टेपल केली होती. स्टेपलरचा तो कटक-कटक आवाज वर्गभर चालला होता. पिनांची टोकं मागच्या बाजूनं नीट दुमडली नव्हती, दप्तरात हात घातला की बोचायची. पुस्तक खिडकीशी उंच धरलं तर उन्हात उत्तरं आरपार दिसायची, पण उलटी, एकावर एक आलेली, सात की एक ते कळायचं नाही. आम्ही ती वाचायचा आटोकाट प्रयत्न करायचो. एकदा मी एक उत्तर असंच उन्हात वाचून त्याला जुळेल अशी रीत मागून तयार केली होती. उत्तर मुळात मी चुकीचं वाचलं होतं. रीत मात्र जमून आली! बाईंनी वहीवर नुसतं प्रश्नचिन्ह काढलं. आता वाटतं, त्या पिनांमागे बाईंचा काही दुष्टपणा नव्हता. उलट, आम्ही विचार करावा एवढीच त्यांची इच्छा असणार. पण पुस्तकाच्या पोटात मला बंदी असलेली पानं आहेत, ही जाणीव मात्र वर्षभर बोटाला बोचत होती.

तर दुसऱ्या दिवशी मी ते बदल पाठवायला बसले. बदलाबरोबर एका ओळीत काय केलं ते लिहायचं असतं. मी आधी लिहिलं, ‘किरकोळ बदल’. ते वाचून माझं मलाच कसंतरी झालं. खोडलं. मग ‘प्रकरण सातमध्ये भर’. हेही खरं नव्हतं, कारण प्रकरण सातमध्ये काहीच भर पडली नव्हती. भर पडली होती ती प्रकरण सातच्या शेजारी, भिंतीपलीकडे. शेवटी लिहिलं, ‘संशोधन अभ्यासासाठी तीन पानं, मुद्दाम अनुक्रमणिकेबाहेर ठेवली आहेत’. आणि ‘पाठवा’ म्हटलं. म्हणजे गुपित तर ठेवलं, आणि ते गुपित आहे हे उघड्यावर लिहूनही ठेवलं. यापेक्षा प्रामाणिकपणे काही लपवण्याची रीत मला सुचली नाही.

लपवणंही धड जमलं नाही ते वेगळंच. अनुक्रमणिकेत न घातलेलं पान वाचकाला यादीत दिसत नाही, त्याला ‘मागे’ आणि ‘पुढे’ ही बटणंही मिळत नाहीत, पण पुस्तकाचा स्वतःचा शोध असतो ना, त्याच्या यादीत ते खुशाल बसलेलं असतं. शोधातून वगळायचं तर त्यासाठी आणखी एक वेगळा शब्द फाइलच्या डोक्यावर लिहावा लागतो. तो मला पहिल्या आठवड्यात माहीतच नव्हता. शिवाय स्फिंक्स मूळ पद्धतीनुसार प्रत्येक पानाचा कच्चा मजकूरही एका वेगळ्या फोल्डरमध्ये प्रतिलिपी करून ठेवतो, वाचकाला बघावंसं वाटलं तर असावा म्हणून. किती उदार! त्या कच्च्या मजकुरात बहुपर्यायी प्रश्नाचं बरोबर उत्तर कुठलं तेही अर्थातच लिहिलेलं. मग शोधयंत्रांच्या ‘कोळ्यां’ना, म्हणजे जाळ्यावरची पानं धुंडाळत फिरणाऱ्या त्यांच्या प्रोग्रामना, ‘इकडे येऊ नका’ सांगणारी ‘रोबोट्स’ नावाची फाइल. हा रिवाज १९९४ पासूनचा. पण ती फाइल मुळात सगळ्यांना वाचता येते, नव्हे ती वाचता यावी म्हणूनच असते. कुठं बघू नये याची यादी दारावर टांगायची, म्हणजे कुठं बघावं तेच सांगून टाकायचं. संशोधक बाईंना हे सगळं पत्रात लिहिताना मला हसू येत होतं आणि लाजही वाटत होती. त्यांचं उत्तर आलं, मुद्दा क्रमांक एक, हरकत नाही. मुद्दा क्रमांक दोन, जे मुद्दाम शोधतील त्यांना आपण थांबवू शकत नाही, चुकून येणाऱ्यांना थांबवलं तरी पुरे.

पण आलं ते चुकूनही नव्हतं आणि मुद्दामही नव्हतं.

अभ्यास संपल्यावर बाईंचा फोन आला. फोन त्या सहसा करत नसत. म्हणाल्या, “एक ओळ जास्त आहे.” त्यांच्याकडच्या याद्यांशी नोंदी जुळवताना एक नाव कुठल्याच वर्गातलं निघालं नाही. म्हणजे नावही नाही, लॉगिनसाठी घेतलेलं काहीतरी टोपणनाव. हे कुणीतरी पहिल्याच आठवड्यात, शोधाची ती फट उघडी असताना, पुस्तकात ‘लूप’ शोधता-शोधता पूर्वचाचणीच्या पानावर पोहोचलं होतं. आणि नुसतं बघून गेलं नव्हतं. सगळे प्रश्न सोडवले होते. बहुतेक चुकीचे. मग म्हणे सातवं प्रकरण पहिल्यापासून वाचलं होतं, प्रत्येक उदाहरण चालवून, मोडून, परत चालवून. आणि जवळजवळ तीन आठवड्यांनी परत येऊन उत्तरचाचणी. ती कशी सापडली देव जाणे, पत्त्यातला एक शब्द बदलून पाहिला असेल. संशोधकांच्या वेळापत्रकाशी इतकं तंतोतंत वागणारं दुसरं कुणीच नव्हतं, आणि याला तर ते वेळापत्रक कुणी सांगितलंही नव्हतं.

उत्तरचाचणीच्या शेवटी एक मोकळी चौकट होती, ‘आणखी काही सांगायचं असल्यास’. भाग घेणाऱ्या बहुतेकांनी ती रिकामी सोडली होती. या कुणीतरी मात्र तिथं लिहिलं होतं की मला हे पान शोधताना सापडलं, मागच्या वेळी जमलं नव्हतं, आता जमलंय असं वाटतं, पण बाकीच्या पानांसारखं हे पान बरोबर-चूक सांगत नाही, तर उत्तरं कुठं कळतील? बाईंनी हे वाचून दाखवलं आणि क्षणभर दोघी गप्प झालो. चाचणीच्या पानांवरचं ‘तपासा’ बटण मीच काढलं होतं. काढायलाच हवं होतं, चाचणीत उत्तर सांगून कसं चालेल. पण ज्या पुस्तकात प्रत्येक पान तुम्ही काहीही केलंत तरी लगेच काहीतरी बोलतं, त्यात हे एकच पान मुकं. आणि ते मुकं का आहे हे सांगणारं तिथं कुणी नव्हतं, कारण संमतीचा कागद आणि समजावणारा शिक्षक हे दोन्ही वर्गात होते. पानावर नव्हते.

ती ओळ अर्थात काढून टाकली गेली. त्यात दुमत होण्यासारखं काही नव्हतं. ज्याला विचारलं नाही त्याची माहिती वापरायची नाही. माणसांवरच्या संशोधनाविषयीच्या १९७९ च्या बेलमाँट अहवालानं जी तीन तत्त्वं सांगितली त्यातलं पहिलंच माणसाचा आदर राखण्याचं आहे, आणि आदराचा व्यवहारातला अर्थ आधी विचारणं असा होतो. हे न करता काय होतं त्याची उदाहरणं आपण पाहिलेली आहेत. २०१२ च्या जानेवारीत फेसबुकनं ६,८९,००३ वापरकर्त्यांच्या पुढ्यात येणाऱ्या मजकुरात आठवडाभर फेरफार करून त्यांच्या भावनांवर काय परिणाम होतो ते पाहिलं. २०१४ मध्ये निबंध छापून आला तेव्हा गदारोळ झाला. आमच्या मुक्त स्रोताच्या दुनियेत तर २०२१ ची गोष्ट सगळ्यांना पाठ आहे. एका विद्यापीठातल्या संशोधकांनी लिनक्स या संगणकप्रणालीच्या कर्नेलसाठी, म्हणजे तिच्या गाभ्यासाठी, जाणूनबुजून सदोष बदल पाठवले होते, तपासणाऱ्यांच्या ते लक्षात येतात का हे बघायला. तपासणाऱ्यांना सांगितलेलं नव्हतं. कर्नेल सांभाळणाऱ्यांपैकी एक, ग्रेग क्रोआ-हार्टमन, यांनी त्या अख्ख्या विद्यापीठाकडूनच बदल घेणं थांबवलं. मला तेव्हा त्यांचा निर्णय जरा जास्तच कडक वाटला होता. आता वाटत नाही. रोज संध्याकाळी आपला वेळ खर्चून दुसऱ्याचं काम वाचणाऱ्या माणसाला आपल्यावरच प्रयोग चालू होता असं कळलं की त्याला काय वाटत असेल, याची थोडी कल्पना मला आली आहे. आमचं प्रकरण त्याच्या पासंगालाही पुरणार नाही. आम्ही कुणाला फसवलं नाही, कुणाचं नुकसान केलं नाही, नियम पाळले. तरी कुणीतरी एकटंच बसून तीन आठवडे अभ्यास करून परत आलं, आमच्याशी बोललं, आणि आम्ही नियमानुसार त्याचं बोलणं पुसलं. पुसणं बरोबरच होतं. ते बरोबर होतं म्हणून मला बरं वाटलं असं नाही.

संशोधनाच्या बाजूनं एक बोललंच पाहिजे, नाहीतर माझा कल एकीकडे झुकतोय असं वाटेल. पुस्तक लिहिणारे आम्ही सगळे आपापल्या समजुतींवर चालतो. मला स्वतःला विस्कटलेल्या ओळी लावणं हा पोरखेळ वाटायचा. ‘खरं शिकायचं तर कोऱ्या चौकटीशी झटलं पाहिजे’ असं मी अनेकांना ऐकवलं आहे, कारण मी तशी शिकले. मी तशी शिकले हा काही पुरावा नव्हे. बाईंनी काढलेले निष्कर्ष त्यांनीच मांडावेत, मी इथं लिहिणार नाही. पण नोंदी बघितल्यावर माझा जुना ठामपणा उरला नाही एवढं कबूल करते. कोऱ्या चौकटीशी बसलेली मुलं किती वेळ नुसता एक अपूर्णविराम शोधत होती! तेवढ्या वेळात बाजूचा गट तीन प्रश्न ओलांडून गेला होता. उघड्या पानांवरून हे कधीच कळलं नसतं.

मी बाईंना विचारलं, आता अभ्यास संपला, तर चाचणीचे प्रश्न उत्तरांसकट प्रकरणाच्या शेवटी टाकू का? त्या नाही म्हणाल्या. अगदी हळुवारपणे, पण नाहीच. चांगला प्रश्न घडवायला वर्षं लागतात, पुढच्या तुकडीवर तोच वापरायचा, तरच दोन्हींची तुलना होते. भौतिकशास्त्रातली बलाच्या संकल्पनांची ती प्रसिद्ध प्रश्नावली १९९२ सालची आहे, आताच्या रूपात अवघे तीस प्रश्न, आणि ती विद्यार्थ्यांच्या हाती सुटी पडू नये म्हणून शिक्षक अजूनही जपतात. त्यांचं खरं होतं. म्हणून मी दुसरे पाच प्रश्न लिहिले. आकडे वेगळे, नावं वेगळी, पण चूक जिथं होते ती जागा तीच. प्रत्येक चुकीच्या पर्यायाखाली तो का चुकीचा हे सविस्तर लिहिलं, नेहमीपेक्षा जरा जास्तच. शेवटचा प्रश्न तर त्या एक फेरी जास्त फिरणाऱ्या लूपचाच आहे. ‘तपासा’ बटण ठेवलं. अनुक्रमणिकेत घातलं, ७.९. त्या टोपणनावाला कळवण्याचा काही मार्ग नव्हता आणि असता तरी मी तो वापरायला नको होता.

मूळ तीन पानं मी काढून टाकली. म्हणजे आमच्या प्रतीतून. हे पुस्तक कुणीही उचलून आपली प्रत करावी म्हणूनच उघडं ठेवलेलं आहे, आणि लोक तसं करतात. मध्यंतरी अशीच एक प्रत माझ्यासमोर आली. कुणा शिक्षकानं नेमकी त्या दिवसांतच पुस्तकाची फोर्क, म्हणजे स्वतःची वेगळी प्रत, घेतली होती, मुखपृष्ठाचा रंग बदलला होता, दोन प्रकरणांची अदलाबदल केली होती. मी सहज त्या पानाचा पत्ता टाकून पाहिला. उघडलं! पूर्वचाचणी, पहिला प्रश्न, दुसरा प्रश्न, ना मागे ना पुढे. मागे उत्तरं गोळा करणारं कुणी नाही, यादी नाही, सर्व्हरही नाही. मी सगळे प्रश्न सोडवले. चौथ्याला जरा अडखळले, मीच टाकलेला प्रश्न असून. खाली ‘नोंदवा’ होतं, ते दाबलं. चक्र थोडा वेळ फिरत राहिलं.

मग त्या शिक्षकाला दोन ओळी लिहिल्या, की तुमच्या प्रतीत तीन फायली चुकून आल्या आहेत, प्रत्येकीच्या डोक्यावर एक शब्द आहे त्यावरून ओळखता येतील, आणि काढताना शेजारी आमचं नवं ७.९ तेवढं घालून घ्या.